गाडी थांबते तिथून पुढे

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही आईला घेऊन मढे घाटात गेलो होतो. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात आणि उजवा पाय नीट साथ देत नाही. घरात ती चार पायांची काठी घेऊन चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. केळदच्या पठारावर गाडी लावली तेव्हा पाऊस कोसळत होता आणि धुक्यात दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. ड्रायव्हरला तिच्यापाशी ठेवून आम्ही चौघं लक्ष्मी धबधब्याकडे गेलो. तासाभरानं चिंब होऊन परतलो आणि मोबाइलवरचे फोटो तिच्यापुढे धरले. काचेवर आतून धरलेली वाफ तिनं डाव्या बाहीनं पुसली होती, तळहाताएवढी जागा. तेवढ्या जागेतून तिनं तासभर काय पाहिलं असेल, हा प्रश्न परतीच्या वाटेवर माझा पिच्छा सोडत नव्हता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याच रस्त्यानं पुन्हा निघालो. या वेळी निघण्याआधी तिलाच विचारलं, ‘‘तुला काय बघायचंय?’’ ती म्हणाली, ‘‘धबधबा नको. भात बघायचाय. जवळून.’’ म्हणून केळदपर्यंत गेलोच नाही, अलीकडे पासलीला थांबलो.

या दोन सहलींनी जे शिकवलं ते इथे मांडतो आहे. व्हीलचेअर, कुबड्या, पांढरी काठी, दुखरे गुडघे, कमी ऐकू येणं, गर्दीनं बिथरणारं मूल, यांपैकी काहीही सोबत असलेल्या घराला डोंगराकडे जायचं असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर, पर्यटनाची माहिती जिथे संपते तिथे आपला प्रवास सुरू होतो. ‘पुण्याहून इतके किलोमीटर, पार्किंगपासून जवळच’ एवढं सगळे सांगतात. आपल्याला हवी असते त्या ‘जवळच’ची माहिती. गाडी थांबते तिथून पुढच्या दोनशे पावलांची.

पासलीच का?

पासली हे वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा उभा आहे, १,४०३ मीटर उंच. पुढे रस्ता सह्याद्रीच्या धारेकडे सरकत जातो आणि केळदच्या पठाराला कोकणात उतरणारा कडा लागतो. तिथेच मढे घाट. १६७० साली कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव याच वाटेनं उमरठ्याला नेलं, अशी आठवण या घाटाच्या नावाशी जोडलेली आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी सगळी गर्दी त्या कड्याकडे धावते आणि वाटेतली गावं काचेतून मागे पडतात.

आपल्यासाठी मात्र वाटेतली गावंच महत्त्वाची. कड्याजवळ ओला कातळ असतो, त्यावर शेवाळ असतं, वारा असतो आणि पुढे थेट दरी. तिथे चाक, काठी किंवा अस्थिर पाय नेणं म्हणजे सगळ्यांचाच जीव टांगणीला लावणं. उलट पासलीच्या आसपास रस्त्याच्या कडेलाच भातखाचरं आहेत, डोंगर आहेत, ओढे आहेत. गाडीतून उतरून दहा पावलं गेलं, किंवा अगदी दार उघडून आसनावर बसलं, तरी निसर्ग हाताशी असतो. अशा माणसाला घेऊन जाताना स्थळ निवडायची माझी आता एकच कसोटी आहे: जे पाहायला आलो, ते गाडी थांबते तिथून दिसतं का, ऐकू येतं का, हाताला लागतं का?

आधी फोन, आणि जमिनीचा व्हिडिओ

‘‘आमच्याकडे व्हीलचेअर येईल का?’’ असं विचारलं की समोरचा माणूस चांगुलपणानं ‘‘येईल की!’’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी तीन पायऱ्या म्हणजे पायऱ्याच नव्हेत. एकदा एका जेवणाच्या ठिकाणी ‘‘एकही पायरी नाही’’ असं ऐकून गेलो. तिथे पायरी खरोखरच नव्हती, गुडघाभर उंचीचं जोतं होतं. तेव्हापासून प्रश्न बदलले.

गाडी दारापासून किती पावलांवर थांबेल? मधली जमीन कसली आहे: डांबर, फरशी, कोबा, मुरूम, खडी की सारवलेलं अंगण? पायऱ्या किती, आणि प्रत्येक पायरी किती विती उंच? धरायला कठडा आहे का? शौचालय भारतीय बैठकीचं की कमोडचं? त्याचं दार किती विती रुंद? नेहमीची व्हीलचेअर चोवीस ते सव्वीस इंच रुंद असते. मोठ्या माणसाची वीत साधारण नऊ इंचांची. म्हणजे दार साडेतीन विती असेल तर खुर्ची सुखानं जाईल, तीनच असेल तर बोटं खरचटतील. मोजपट्टी प्रत्येक घरात नसते, वीत सगळ्यांकडे असते.

सर्वांत उपयोगी पडतो तो व्हिडिओ. फोनवर विनंती करा: ‘‘दादा, गाडी लागते तिथून बसायच्या जागेपर्यंत चालत या आणि मोबाइल खाली जमिनीकडे धरून, मध्ये न थांबता व्हिडिओ काढा.’’ डोंगराचे फोटो सगळे आपणहून पाठवतात, जमिनीचे मागावे लागतात. दोन मिनिटांच्या त्या चित्रात उंबरा, गटार, मुरुमाचा ढीग, नळाखालचा चिखल, सगळं दिसतं.

पायरी एखादीच असेल तर फळीवर काम भागतं. इमारतींच्या नियमांत रॅम्पचं प्रमाण एकास बारा धरलेलं आहे. म्हणजे सहा इंच उंच पायरीसाठी सहा फूट लांब उतार. एवढी फळी गावात मिळेल का, हेही आधीच विचारा, आणि ती दोन्ही टोकांना हलत नाही याची खात्री करूनच चाक वर घ्या.

रस्ता आणि गाडी

पुण्याहून दोन वाटा आहेत. एक साताऱ्याच्या महामार्गानं नसरापूरला जाऊन मार्गासनी, विंझरमार्गे वेल्ह्याला. दुसरी खडकवासल्याकडून पाबे घाट चढून. पाबे घाट देखणा आहे, पण चढ-उतार आणि वळणं दमवणारी आहेत. मणक्याचं दुखणं, गाडी लागणं किंवा मानेवर ताबा कमी असेल तर नसरापूरचीच वाट धरा. नसरापूरला इंधन, औषधं, पाणी, सगळं भरून घ्या. वेल्ह्याच्या पुढे दुकानं विरळ होतात आणि फोनची रेंज ये-जा करते.

गाडी भाड्यानं घेताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे आसनाची उंची. डोंगरात जायचं म्हणून लोक उंच जीप ठरवतात. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्या माणसाला ती उंची म्हणजे भिंतच. गाडीचं आसन खुर्चीच्या बैठकीइतक्याच उंचीवर असेल तर निम्मं काम आपोआप होतं. दुसरी गोष्ट डिकीची. सीएनजीवरच्या टॅक्सीत मागची जागा टाकीनं व्यापलेली असते, घडी घातलेली व्हीलचेअर तिथे मावत नाही. आम्ही एकदा सकाळी सात वाजता, माणसं गाडीत बसल्यावर हे शिकलो. गाडी ठरवतानाच डिकीचा फोटो मागवा.

एसटीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि अपंगत्वाचं प्रमाण जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. कुबडीवर चालणाऱ्याला, कमी दिसणाऱ्याला किंवा ऐकू न येणाऱ्याला वेल्ह्यापर्यंत लालपरीचा चांगला आधार आहे. पण साध्या बसच्या पायऱ्या उंच असतात, व्हीलचेअरवरून स्वतः चढणं होत नाही. युडीआयडी कार्ड किंवा सवलतीचं ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा.

कधी जायचं

या भागातला पाऊस धो-धो असतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं, चिखल, रस्त्यावर आलेली दरड आणि सुट्टीच्या दिवशी वाहनांची रांग, हे सगळं गृहीत धरावं लागतं. लोणावळ्याच्या भुशी धरणामागे ३० जून २०२४ रोजी एक कुटुंब लोंढ्यात वाहून गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी जाण्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. ते पाहिल्याशिवाय निघू नका. चटकन मागे फिरता न येणाऱ्या माणसाला तर वाहत्या पाण्याजवळ नेऊच नये, मग ते घोटाभर का दिसेना.

आपला हंगाम नवरात्रापासून संक्रांतीपर्यंतचा. सुरुवातीला पठारांवर सोनकीची पिवळी फुलं आणि तेरड्याची गुलाबी छटा रेंगाळत असते, मग भात पिकतं, कापणी-झोडणी चालू होते, जमीन वाळून चाकाखाली घट्ट लागते. एप्रिल-मे टाळा. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या शरीराला पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे अंग तापत जातं आणि ते कळतही नाही.

वारही महत्त्वाचा. जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा. स्वमग्न मुलांसाठी हा सल्ला दुप्पट मोलाचा आहे, कारण रविवारच्या गाड्यांमधली गाणी आणि हॉर्न त्यांना सोसत नाहीत. अशा मुलाला आदल्या दिवशी रस्त्याचे, गाडीचे, बसायच्या जागेचे फोटो क्रमानं दाखवा. तो जमिनीचा व्हिडिओ इथेही कामी येतो.

शौचालयाचा प्रश्न टाळू नका

घरातली मोठी माणसं सहलीला ‘‘नको गं, तुम्ही जा’’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं आणि ते बोललं जात नाही. तुम्हीच विषय काढा. महामार्गावर नसरापूरच्या आधी एकदा थांबायचं ठरवून टाका. पुढे भरवशाचं काही नाही असं धरून चला आणि स्वतःची सोय बरोबर न्या: घडीची कमोड खुर्ची, घट्ट झाकणाची बादली, जाड पिशव्या, पाण्याचा कॅन, आणि आडोशाला दोन जुन्या साड्या व दोरी. गाडीची दोन दारं उघडून त्यांच्यामध्ये साडी बांधली की चार फुटांची खोली तयार होते. आम्ही ती सोय केल्याचं सांगितलं त्या क्षणी आईनं चहा मागितला. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

पाणी न पिणं हा उपाय नाही. त्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो, उन्हात चक्कर येते. नळी आणि पिशवी असेल तर जादा पिशवी घ्या आणि निघण्यापूर्वी नळीला पीळ पडलेला नाही ना ते बघा. मणक्याला वरच्या भागात इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, तर त्याला ताठ बसवा, नळी तुंबली आहे का ते आधी पाहा आणि लगेच डॉक्टर गाठा. मूत्राशय भरून राहिल्यानं रक्तदाब धोकादायक चढू शकतो.

चाक, काठी, पाऊल

मुरूम आणि खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. ढकलत राहू नका, खुर्ची उलटी फिरवा आणि मोठ्या चाकांवर मागे ओढत न्या. उतारावरही खुर्ची उलटी धरून, तुमचं अंग उताराच्या बाजूला ठेवून उतरा. चाकं भिजली की ब्रेक पकडत नाहीत, म्हणून एक कोरडं फडकं खुर्चीला बांधून ठेवा आणि थांबल्यावर चाकामागे दगड लावा. ज्यांना बसल्या जागी संवेदना नाही, त्यांनी दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगाचा भार बदलायला हवा. ओली गादी म्हणजे जखमेला आमंत्रण, म्हणून गादीला प्लॅस्टिकचं आवरण आणि वर सुती चादर घाला.

गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. म्हणून ‘‘वर तर आलो, आता काय’’ असं म्हणू नका, परतीची ताकद राखून ठेवा. मध्ये बसायला घडीचं स्टूल घ्या. बांधावर बसता येतं, पण उठता येत नाही.

ज्याला दिसत नाही त्याला हात धरून ओढू नका. तुमचं कोपर त्याच्या हाताशी द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. सांगताना ‘‘इथे जपून’’ म्हणण्यापेक्षा ‘‘एक वीत खाली, मग ओला दगड’’ असं सांगा. या भागात कानाला आणि हाताला पुष्कळ काही आहे: ओढ्याकाठच्या झाडीत पहाटे शीळ घालणारा कस्तूर, पत्र्यावरची सर, कापलेल्या भाताचा गोडसर वास, कारवीची खरखरीत पानं, उन्हानं तापलेला कातळ.

ऐकू न येणाऱ्यांच्या बाबतीत धुक्याचा विचार कुणी करत नाही. दाट धुक्यात खुणांची भाषा दिसत नाही आणि मागून येणारी गाडीही कळत नाही. अशा वेळी रस्त्यानं चालू नका. चालावंच लागलं तर त्यांना आतल्या बाजूला ठेवा, भडक रंगाचं जाकीट घाला आणि जवळ टॉर्च असू द्या. हातावर टॉर्चचा उजेड पाडला की अंधारातही बोलता येतं.

मदत घेण्याची रीत

वेल्ह्याच्या दुर्गम वाड्यांवर आजारी माणसाला झोळीत किंवा डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायची वेळ लोकांवर आलेली आहे. म्हणून इथला माणूस मदतीला पटकन धावतो, कधी कधी विचारायच्या आधीच उचलायला लागतो. त्याला प्रेमानं थांबवा. उचलायचं की नाही, हे खुर्चीतल्या माणसानं ठरवायचं आणि कसं उचलायचं हे त्यानंच सांगायचं. खुर्ची उचलताना चौघं हवेत. हात घट्ट सांगाड्याला लावायचे, निघून येणाऱ्या हातांना किंवा पायट्यांना नाही. ‘एक, दोन, तीन’ एकाच आवाजात मोजायचं. कामाचा मोबदला आधी ठरवून, आदरानं द्या. शेतातलं काम सोडून आलेल्या माणसाचा तो वेळ असतो.

डोंगरात माणसाला सोबत नेण्याची कल्पना जगभर आहे. फ्रान्समध्ये जोएल क्लोदेल यांनी १९८७ साली आजारी पुतण्याला पहाडात नेता यावं म्हणून एका चाकाची, पुढे-मागे दांड्या असलेली खुर्ची बनवली. जोएलेट या नावानं ती आज अनेक देशांत वापरली जाते. रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला आणि कित्येक थकलेल्या पायांनी गड पाहिला. सोय झाली की माणसं येतात.

अडचण आलीच तर

वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रेंज कुठे येते, ते पोहोचल्याबरोबर गावातल्या माणसाला विचारा. एका कागदावर आजार, औषधं, त्यांच्या वेळा, ॲलर्जी आणि घरचा फोन मराठीत लिहून, ज्याला घेऊन आलात त्याच्याच खिशात ठेवा. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. दुपारी दोन-अडीचला परतीला लागा. उजेडात महामार्ग गाठला की निम्मी काळजी मिटते.

हे मागणं हक्काचं आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांचाही हक्क नोंदवला. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटलं आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. म्हणून परतताना सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा आणि एकच नेमकी गोष्ट सुचवा: शौचालयाच्या दाराला धरायची दांडी, देवळाच्या एका बाजूला उतार, बसायला सावलीतला एक बाक. पाहुणा वर्षातून एकदा येतो. गावातल्या म्हाताऱ्यांना ती दांडी रोज धरता येते.

तुम्ही मोजलेल्या विती, काढलेला व्हिडिओ, पायऱ्यांचा आकडा हे जपून ठेवा आणि विचारेल त्याला द्या. तुमच्यानंतर निघणाऱ्या घराची निम्मी धास्ती त्यानं कमी होईल.

त्या दिवशी

पासलीजवळ रस्त्याच्या कडेला कापणी चालू होती. गाडी सपाट जागी घेतली, आईच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं आणि तिचे पाय बाहेर, पाटावर टेकवले. खुर्ची काढायला मी निघालो तर ती म्हणाली, ‘‘राहू दे. इथूनच बरं दिसतंय.’’ खाचरातून एक बाई आल्या. काही न बोलता त्यांनी कापलेल्या भाताची मूठभर लोंब्यांची जुडी तिच्या मांडीवर ठेवली.

आईनं डाव्या हाताच्या नखानं एक दाणा सोलला. दाताखाली धरला. तिचं माहेर भातशेतीचं. लग्नाआधीची वीस वर्षं तिनं आवणाच्या चिखलात काढलेली.

‘‘अजून चार दिवस ठेवायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘दाणा कवळा आहे.’’

‘‘खरंय मावशी,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पण आभाळ भरून यायला लागलंय. ठेवलं असतं तर आडवं झालं असतं.’’

आईनं पश्चिमेकडे, डोंगराच्या धारेकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘‘मग बरोबर केलंस.’’

नंतर तासभर त्या दोघी बियाण्यावर, उंदरांवर, मजुरीच्या दरावर बोलत राहिल्या. मला कुणी काही विचारलं नाही. मी गाडीच्या चाकामागचा दगड नीट केला आणि सावलीत जाऊन बसलो.